तंत्रउद्योगातील स्त्रिया

यंत्रसामग्री, रसायने, इलेक्ट्रॉनिकी, संगणक आणि माहिती-तंत्रविद्या यांवर आधारलेल्या उद्योगांना व्यापक अर्थाने तंत्रउद्योग असे म्हणतात. या उद्योगांत स्त्रियांचे प्रमाण किती आहे, त्या कोणत्या पदांवर काम करतात आणि त्यांच्या कामाकडे सहकारी, अधिकारी व मालक कोणत्या दृष्टीने पाहतात, हे प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. स्त्रियांची संख्या कमी असण्याचे कारण त्यांची आवड, शरीरबल किंवा बुद्धीचा कल यांत आहे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. उद्योगांचा इतिहास पाहता मात्र वेगळेच चित्र दिसते. एकच काम एका काळात स्त्रियांचे व दुसऱ्या काळात पुरुषांचे मानले गेल्याची अनेक उदाहरणे आहेत. कामाच्या पाळ्या, प्रवास व निवासाची सोय, बढतीचे निकष आणि त्या कामाला लाभलेली प्रतिष्ठा यांवर स्त्रियांचे प्रमाण मुख्यतः अवलंबून असते.

पूर्वेतिहास : महाराष्ट्रात यंत्रोद्योगाशी स्त्रियांचा पहिला मोठा संबंध मुंबईच्या कापडगिरण्यांत आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरणीकामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांश व १९२०–३० च्या दशकात सुमारे एक-पंचमांश होते. त्या मुख्यत्वे रीलिंग व वाइंडिंग या खात्यांत, कामाच्या मापाप्रमाणे मिळणाऱ्या मजुरीवर काम करीत. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या स्त्रीला ‘नायकीण’ म्हणत. मागांवर व दुरुस्ती खात्यात मात्र त्यांना सहसा प्रवेश नसे.

पुढे हे प्रमाण सतत घटत गेले. वाइंडिंगची वेगवान यंत्रे आल्यावर हातांची गरज कमी झाली आणि नव्या यंत्रांवर बहुधा पुरुषांची नेमणूक झाली. गिरण्या दोन व तीन पाळ्यांत चालू लागल्या, तेव्हा रात्री काम करण्यास कायद्याने मनाई असलेली स्त्री मालकाला गैरसोयीची वाटू लागली. १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याने प्रसूतिकाळातील भत्त्याची जबाबदारी मालकावर टाकली. तो भत्ता टाळण्याचा सोपा मार्ग स्त्रियांना कामावर न घेण्याचा होता. या कायद्याच्या विधेयकाला १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, या खर्चाचा मोठा भार शासनाने उचलावा, असे मत मांडले होते. माता सुदृढ राहण्यात साऱ्या समाजाचे हित असल्याने तिच्या विश्रांतीचा खर्च एकट्या मालकावर पडू नये, ही त्यामागील भूमिका होती. ती मान्य झाली नाही. या प्रश्नाचे पुढील स्वरूप समजण्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

संगणन व स्त्रिया : संगणकाच्या क्षेत्रात याच्या उलट क्रम आढळतो, पण निष्कर्ष तोच निघतो. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित वैश्लेषिक यंत्रावर एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये लिहिलेल्या टिपा आज्ञावलीच्या कल्पनेचा आद्य आविष्कार मानल्या जातात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजीत ‘कम्प्यूटर’ हा शब्द आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावीत आणि हे काम करणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १९४६ मध्ये अमेरिकेत एनिअ‍ॅक या इलेक्ट्रॉनिकीय संगणकाचे प्रात्यक्षिक झाले. त्याच्या आज्ञावल्या सहा तरुण स्त्रियांनी तयार केल्या होत्या. त्या काळी यंत्राची बांधणी हे अभियंत्याचे व आज्ञावली-लेखन हे कारकुनी स्वरूपाचे काम समजले जाई. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास आज्ञावलींचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा संकलक तयार केला. या कामाचे बौद्धिक स्वरूप हळूहळू उघड झाले, त्याचे वेतन व मान वाढला आणि त्यातील पुरुषांची संख्याही वाढली.

अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्के होते. पुढील पंचवीस वर्षांत ते सुमारे १८ टक्क्यांपर्यंत उतरले. याच काळात घरगुती संगणक बाजारात आले. त्यांच्या जाहिराती प्रामुख्याने मुलग्यांना उद्देशून असत. घरी संगणक हाताळलेला विद्यार्थीच योग्य, असे महाविद्यालये गृहीत धरू लागली. त्यामुळे मुली आरंभालाच मागे पडत. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाने प्रवेशाच्या निकषांतील पूर्वानुभवाचे महत्त्व कमी केले व प्राथमिक अभ्यासक्रमाची फेररचना केली. परिणामी तेथील संगणकशास्त्र विभागात प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण १९९५ मधील ७ टक्क्यांवरून २००० मध्ये ४२ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांत मुलींची बुद्धी किंवा आवड बदलत नाही. बदलली ती व्यवस्था.

भारतातील तंत्रशिक्षण : भारतात अभियांत्रिकीच्या पदव्या घेणाऱ्या पहिल्या स्त्रिया मद्रासजवळील गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकल्या. ए. ललिता, पी. के. त्रेसिया व लीलम्मा जॉर्ज यांना १९४३–४४ च्या सुमारास पदव्या मिळाल्या, तेव्हा छापील पदवीपत्रातील पुल्लिंगी सर्वनाम खोडून त्या जागी स्त्रीलिंगी सर्वनाम लिहावे लागले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून (आताचे वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थान) शकुंतला भगत यांनी १९५३ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे त्यांनी पती अनिरुद्ध भगत यांच्यासमवेत सुट्या भागांपासून पूल उभारण्याची ‘क्वाड्रिकॉन’ ही पद्धती विकसित केली.

शिक्षणाची दारे उघडली, तरी कारखान्याची दारे सहजी उघडली नाहीत. १९७४ मध्ये टेल्को या कंपनीच्या अभियंतापदांच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे नमूद केले होते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी (नंतरच्या सुधा मूर्ती) यांनी त्याबद्दल जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून आक्षेप नोंदविला. कंपनीने त्यांना पुण्यास मुलाखतीसाठी बोलाविले व नोकरी दिली. या घटनेत लक्षणीय बाब अशी, की जाहिरातीतील ती अट कोणत्याही कायद्याने घातलेली नव्हती. ती केवळ रूढी होती व प्रश्न विचारला जाताच ती टिकू शकली नाही.

त्यानंतर महाराष्ट्रात मुलींच्या तंत्रशिक्षणाला शासकीय व सामाजिक पाठबळ मिळाले. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये पुण्यास मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. राज्याने १९९४ मध्ये महिला धोरण जाहीर केले. अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखून ठेवण्यात येऊ लागल्या. जुलै २०२४ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ करण्याचा निर्णय झाला. भारतात विज्ञान, तंत्रविद्या, अभियांत्रिकी व गणित या शाखांच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के आहे. अनेक संपन्न देशांपेक्षा ते अधिक आहे. माहिती-तंत्रविद्या उद्योगातील त्यांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के असून वरिष्ठ पदांकडे जावे तसतसे ते झपाट्याने कमी होते. तेव्हा भारतातील मुख्य अडचण शिक्षणानंतर सुरू होते.

कामाच्या ठिकाणची मनोवृत्ती : स्त्रियांविषयीची मनोवृत्ती उघड विरोधाच्या रूपाने क्वचितच व्यक्त होते. ती बहुधा कामाच्या वाटणीत दिसते. १९७३ मध्ये मुंबईत अंधेरी येथे स्थापन झालेल्या सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्रातील (सीप्झ) जुळणीच्या कामावर तरुण मुलींचा भरणा होता. त्यांची बोटे नाजूक व स्वभाव सोशीक असल्याने हे काम त्यांना साधते, असे सांगितले जाई. त्याच बोटांना यंत्रदुरुस्ती किंवा हत्यारनिर्मिती साधेल, असे मात्र कोणी मानीत नसे. कौशल्याला ‘स्वाभाविक’ ठरविले, की ते शिकून मिळविलेले कौशल्य राहत नाही व त्याचे वेतनही कमी ठेवता येते.

संगणक कार्यालयांतील वाटणी अधिक सूक्ष्म असते. चाचणी, दस्तऐवज-लेखन, मनुष्यबळ विभाग ही कामे स्त्रियांकडे आणि प्रणालीची रचना, ग्राहकाशी वाटाघाटी, परदेशातील दीर्घ मुक्कामाची कामे पुरुषांकडे जाण्याची प्रवृत्ती आढळते. विवाह झाला म्हणजे ती नोकरी सोडील, मूल झाले म्हणजे तिचे लक्ष घरी राहील, अशी गृहीतके प्रत्यक्ष विचारणा न करताच धरली जातात. कित्येकदा ती हितचिंतनाच्या स्वरूपात असतात. ‘तिला त्रास नको’ म्हणून जोखमीचे काम दिले जात नाही आणि पुढे जोखमीच्या कामाचा अनुभव नाही म्हणून बढती नाकारली जाते.

अशी गृहीतके बाळगणाऱ्यांना त्यांची जाणीव असतेच असे नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विज्ञानाच्या प्राध्यापकांकडे प्रयोगशाळेतील नोकरीसाठी एकच अर्ज पाठविण्यात आला. काही प्रतींवर पुरुषाचे व काही प्रतींवर स्त्रीचे नाव होते. पुरुषाचे नाव असलेला अर्जदार अधिक सक्षम ठरला व त्याला देऊ केलेले वेतनही जास्त होते. असे मूल्यमापन करणाऱ्यांत स्त्री-प्राध्यापकही होत्या. त्यामुळे पक्षपात हा केवळ पुरुषांचा दोष न मानता रुजलेली सवय मानणे अधिक युक्त ठरते.

घरातील कामाची वाटणीही यास कारणीभूत होते. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग सर्वेक्षणानुसार भारतात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. ते करणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा काळ ९७ मिनिटे असतो. कार्यालयात उशिरापर्यंत थांबणे हा निष्ठेचा पुरावा मानला जातो, तेथे हा फरक बढतीच्या यादीत उमटल्यावाचून राहत नाही. २०२० च्या महासाथीनंतर घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली. तिने प्रवासाचा त्रास वाचविला, परंतु घरकामाची वाटणी तिने बदलली नाही.

कायदे : स्त्रियांच्या कामासंबंधीच्या भारतीय कायद्यांत संरक्षण व समानता असे दोन प्रवाह आहेत. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला ११ तासांवर मर्यादित केले. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने त्यांच्या कामाची वेळ सामान्यतः सकाळी ६ ते सायंकाळी ७ अशी ठरविली. चालत्या यंत्राची सफाई वा तेलपाणी करण्यास त्याने स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांना एकत्रितपणे मनाई केली. संरक्षणाचा हेतू स्तुत्य असला, तरी प्रौढ स्त्रीला बालकाच्या पंक्तीस बसविल्याने ती तंत्रकामाला अपात्र आहे या समजुतीला कायद्याचे बळ मिळाले.

समानतेच्या प्रवाहात १९७६ चा समान वेतन अधिनियम महत्त्वाचा होता. मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये रात्रपाळीवरील बंदी घटनाबाह्य ठरविली. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने स्त्रीची संमती, सुरक्षितता व वाहतुकीची सोय या अटींवर रात्री साडेनऊनंतरच्या कामाला परवानगी दिली. २०२० मध्ये संमत झालेली व नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता कारखान्यांच्या बाबतीत हेच तत्त्व स्वीकारते. या अटी नाममात्र नाहीत. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीसाठी कंपनीच्या वाहनातून निघालेल्या एका तरुणीची वाहनचालक व त्याच्या साथीदाराने हत्या केली. परवानगीइतकीच सुरक्षित वाहतूकही आवश्यक असल्याचे त्या घटनेने दाखवून दिले.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ च्या अधिनियमानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक झाले. त्याहून लहान आस्थापनांतील स्त्रियांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. प्रसूतिरजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेण्यात आली व ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती झाली. रजेच्या काळातील वेतन मात्र, कामगार राज्य विम्याच्या वेतनमर्यादेत बसणाऱ्या स्त्रिया वगळता, मालकानेच द्यावयाचे असते. बहुतेक स्त्री-अभियंत्या या मर्यादेबाहेर पडतात. त्यामुळे १९२८ मध्ये उपस्थित झालेला प्रश्न जवळजवळ शतकानंतरही अनुत्तरित आहे.

महाड-पोलादपूर परिसर : तंत्रउद्योगातील स्त्रियांची चर्चा सामान्यतः मुंबई-पुण्याच्या कार्यालयांपुरती होते. तेथे जाणारी मुलगी ज्या गावांतून निघते, त्यांची स्थिती मात्र दुर्लक्षित राहते. या दृष्टीने रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके बोधप्रद आहेत. सावित्री नदीच्या खोऱ्यातील या डोंगराळ प्रदेशातून पुरुषांचे मुंबईस स्थलांतर गिरण्यांच्या काळापासून होत आले. पुरुष गिरणीत व बंदरात काम करून मनीऑर्डर पाठवीत आणि बायका गावी भाताची व नाचणीची शेती, गुरे व वृद्ध यांचा भार वाहत. यंत्राशी संबंध पुरुषाचा व जमिनीशी स्त्रीचा, अशी विभागणी येथे काही पिढ्या चालली.

महाडचे नाव समतेच्या इतिहासात अग्रस्थानी आहे. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह येथेच झाला. त्याच वर्षी डिसेंबरमधील परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले व मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला. त्यांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ च्या अधिनियमाने शेजारच्या माणगाव तालुक्यात लोणेरे येथे स्थापन झाले. त्यामुळे अभियांत्रिकीचे शिक्षण या भागातील मुलींच्या आवाक्यात आले. घरापासून एस. टी. ने जाता येण्याजोग्या अंतरावर विद्यापीठ असणे, ही मुलीला पाठवावे की नाही याचा विचार करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने निर्णायक बाब असते.

महाडजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून तीत रसायने व औषधी द्रव्यांचे कारखाने आहेत. पदवी व कारखाना अशा रीतीने एकमेकांच्या जवळ आले, तरी त्यांच्यामधील वाट मुलींसाठी अरुंद राहिली. रासायनिक प्रक्रिया अखंड चालते व तिच्यावर देखरेख करणारा अभियंता तिन्ही पाळ्यांत आळीपाळीने काम करतो. रात्रपाळीला कायद्याने बंदी असेपर्यंत अशा पाळीचक्रात स्त्रीला बसविणे अवघड होते. तिला प्रयोगशाळेत, हिशेब विभागात किंवा मालाच्या वेष्टनाच्या कामावर घेतले जाई. उत्पादन विभागातील अनुभवाशिवाय मात्र कारखान्याचा व्यवस्थापक होता येत नाही. अशा प्रकारे रात्रीच्या एका पाळीवरील बंदी तिची पुढील सर्व वाटचाल रोखून धरी.

ती बंदी शिथिल झाल्यावर पुढचे अडथळे स्पष्ट दिसू लागतात. डोंगरातील वाड्यांना रात्री एस. टी. नसते. कारखान्याची बस मुख्य रस्त्यावर थांबते व तेथून वाडीपर्यंतची वाट अंधारातून चालावी लागते. पावसाळ्यात ती अधिकच कठीण होते. एखाद्या लहान कारखान्यातील स्त्रीला तक्रार करावयाची, तर जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग पोलादपूरपासून शंभराहून अधिक किमी. अंतरावर आहे. कायद्याने दिलेला हक्क आणि त्याचा प्रत्यक्ष वापर यांमधील अंतर येथे रस्त्याच्या लांबीने मोजता येते. साहजिकच पदवी घेतलेल्या मुली पुण्यास किंवा मुंबईस संगणक कंपन्यांकडे वळतात. पूर्वी पुरुषांनी केलेले स्थलांतर आता मुलीही करू लागल्या आहेत. त्यातून त्यांना स्वतंत्र मिळकत व स्थान लाभते, परंतु घराजवळच्या उद्योगाला त्यांच्या शिक्षणाचा उपयोग होत नाही.

उत्पादनांवरील परिणाम : तंत्रउद्योगात कोण काम करते याचा प्रभाव त्याच्या उत्पादनांवरही पडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या संगणक-प्रणालींची तपासणी झाली. गौरवर्णी पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण कमाल ०·८ टक्के, तर सावळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत कमाल ३४·७ टक्के आढळले. त्याच वर्षी एका मोठ्या अमेरिकन कंपनीने अर्जांची छाननी करण्यासाठी बनविलेली प्रणाली सोडून दिल्याचे प्रसिद्ध झाले. आधीच्या दहा वर्षांतील, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवरून ती शिकली होती व स्त्रियांच्या अर्जांना कमी गुण देत होती. जुनी सवय यंत्रात उतरली, की ती निःपक्षपाती गणित असल्याचा भास होतो व तिच्यावर आक्षेप घेणे अधिक कठीण जाते.

उपाय : केवळ प्रबोधनाने मनोवृत्ती बदलत नाही, असा सर्वत्र अनुभव आहे. निकष व सोयी बदलल्यावर स्त्रियांची संख्या वाढते आणि संख्या वाढल्यावर मनोवृत्तीही बदलू लागते. भरती व बढतीचे निकष लेखी व सर्वांना ज्ञात असणे, पदनिहाय स्त्री-पुरुष संख्या व वेतन प्रसिद्ध करणे, खंडानंतर कामावर परतणाऱ्या स्त्रियांना पुन्हा प्रशिक्षण देणे, पितृत्वरजा रूढ करणे आणि प्रसूतिलाभाचा खर्च सामाजिक विम्यातून भागविणे हे त्यांतील प्रमुख उपाय होत. औद्योगिक वसाहतींच्या बाबतीत स्त्रियांसाठी वसतिगृह, सामाईक पाळणाघर, तालुक्याच्या ठिकाणी तक्रार-निवारणाची सोय आणि वाडीपर्यंत पोहोचणारे रात्रीचे वाहन यांची त्यांत भर घालावी लागेल. हे खर्च एकेका लहान कारखान्याला पेलणारे नाहीत. वसाहतीतील सर्व कारखान्यांनी व शासनाने ते वाटून घेतल्यास प्रत्येकावरील भार अल्प राहतो. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतील मुलीने अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर गाव सोडावे की महाडच्या कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळावा, ही निवड तिला स्वतः करता येणे या सोयींवर अवलंबून आहे.